कासचा वायतुरा आणि बांधावरचा वंचक

साताऱ्याहून यवतेश्वरमार्गे कासचं पठार साधारण २५ किलोमीटर. वाटेत पाणी साचलेल्या शेतांच्या बांधांवर वंचक मान आखडून बसलेले असतात. लोक ‘बगळाच तो’ म्हणत पुढे जातात. मला हे खटकतं, कारण पावसाळ्यातला वंचक थांबून पाहण्यासारखा असतो. एरवीचा मातकट, रेघोट्यांचा पक्षी विणीच्या काळात पाठीवर गर्द तांबडा-तपकिरी आणि मानेवर पिवळसर होतो. बसलेला दिसलाच नाही, तर उडताना पांढरेशुभ्र पंख त्याला उघडं पाडतात.

वायतुरा ही पाणवनस्पती पाहायला मात्र पठारच गाठावं लागतं, तेही जुलै-ऑगस्टमध्ये. सप्टेंबरच्या गर्दीत आलात तर बहर ओसरू लागलेला असतो. जांभ्याच्या कातळावर साचलेल्या उथळ पाण्यात लांबट पानं आणि बेचकीसारखा दोन फाट्यांचा जांभळट-गुलाबी तुरा, ही त्याची खूण. पाणी आटलं की वरचं सगळं सुकतं आणि मातीतला कंद पुढच्या पावसापर्यंत तग धरतो. शास्त्राच्या दप्तरी याची नोंद १९८२ची, शास्त्रीय नावातच (Aponogeton satarensis) सातारा. सह्याद्रीतल्या अशा उंच पठारांबाहेर जगात तो कुठेही नैसर्गिकरीत्या उगवत नाही. वंचक इराणपासून म्यानमारपर्यंत आहे. एक तळं आटलं तर दुसऱ्यावर जातो.

खरा फरक पुढेच आहे. वंचकात नर-मादी दिसायला सारखेच. वायतुऱ्यात मात्र नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. दहापट भिंगातून पाहा: नर तुऱ्यावर पुंकेसर असतात, मादी तुऱ्यावर पुंकेसर नसतात, फुगीर बीजकोश असतात. एखाद्या डबक्यात एकाच लिंगाची झाडं उरली आणि परागकण दुसरीकडून आले नाहीत, तर तिथे बी धरत नाही.

म्हणूनच फोटोसाठी डबक्यात उतरणारे पाहिले की माझा संताप होतो. कातळावरची माती अगदी पातळ. बुटाखाली कंद चिरडतो, ढवळलेला गाळ पानांवर बसतो. वंचक फार जवळ गेलं की उडून जातो. वायतुऱ्याला ती सोय नाही. उघड्या कातळावर उभं राहून लांब पल्ल्याच्या लेन्सने तुरा छान टिपता येतो. भिंगाने पाहायचं तर काठालगतचाच तुरा निवडा आणि गुडघे कातळावरच टेका. धुक्यात काच सारखी ओलावते, म्हणून कोरडं सुती फडकं खिशात ठेवा.