शेअर केलेलं फोल्डर उघडत नाही? आधी पत्ता, मग पासवर्ड

विंडोजच्या 'नेटवर्क'मध्ये दुसरा कॉम्प्युटर दिसला नाही की बरेच जण सगळ्यात आधी फायरवॉल, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणारा पहारेकरी, बंद करून मोकळे होतात. तसं करू नका. त्या यादीत नाव न दिसणं वेगळं आणि जोडणी नसणं वेगळं.

फोल्डर ज्या मशीनवर आहे तिथे कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) चालवा, म्हणजे त्या मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता दिसेल. पत्ता १९२.१६८.१.२० आला असं धरू. दुसऱ्या मशीनवर विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, दोन उलट्या तिरप्या रेघा द्या आणि त्यांना चिकटून हा पत्ता लिहा. फोल्डर उघडलं तर जोडणी ठणठणीत आहे, घोळ फक्त नाव सापडण्यात आहे. मग शेअर करणाऱ्या मशीनवर 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' (मशीनचं नाव नेटवर्कवर जाहीर करणारी सेवा) सुरू करा आणि ऑटोमॅटिकवर ठेवा.

नाहीच उघडलं तर पत्ता नीट बघा. १६९.२५४ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. एक मशीन १९२.१६८.१मध्ये आणि दुसरं १९२.१६८.०मध्ये असेल, तर घरात बहुधा दोन राउटर आहेत आणि दुसऱ्याने स्वतःचा वेगळा संसार थाटलाय. त्याला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न बनवता पहिल्याचंच पुढे नेईल. गेस्ट वायफायवरची मशीन्स सहसा एकमेकांना दिसूच दिली जात नाहीत. पत्ते जुळत असतील तर नेटवर्क प्रोफाइल 'पब्लिक'वर आहे का पाहा, 'प्रायव्हेट' करा आणि फाइल शेअरिंग चालू करा. शेअरिंग बंद असताना फायरवॉल पिंगलाही (दुसरं मशीन पोचतंय का हे बघणारी हाक) उत्तर देऊ देत नाही, त्यामुळे पिंग अपयशी झालं म्हणून केबल बदलायला धावू नका. खरी परीक्षा टीसीपी पोर्ट ४४५ची, म्हणजे फाइल शेअरिंग ज्या दारातून चालतं त्याची. पॉवरशेलच्या 'टेस्ट-नेटकनेक्शन' (Test-NetConnection) या कमांडने ते उघडं आहे का कळतं.

खरी डोकेदुखी पासवर्डची. खिडकी नाव-पासवर्ड मागते आणि लोक रोजचा पिन टाकतात. पिन फक्त त्याच मशीनपुरता असतो, नेटवर्कवर तो चालत नाही. तिथे खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो, आणि तोही शेअर करणाऱ्या मशीनवरच्या खात्याचा. पासवर्डच नसलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. सोपा उपाय म्हणजे त्या मशीनवर शेअरिंगसाठी एक वेगळं लोकल खातं काढा आणि त्याला पासवर्ड द्या. पासवर्ड बदलल्यावर एरर येत राहिली तर विंडोज पासवर्ड साठवतं त्या 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मधली जुनी नोंद उडवा. आत शिरता येतं पण फाइल सेव्ह होत नाही? मग फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मधले 'शेअरिंग' आणि 'सिक्युरिटी' हे दोन्ही टॅब बघा. दोन्हींतली जी परवानगी कडक, तीच लागू होते.

जुनी नॅस डिस्क (थेट नेटवर्कला जोडलेली डिस्क) असेल तर गोष्ट वेगळी. २०१७च्या विंडोज १० आवृत्ती १७०९पासून एसएमबी१ ही फाइल शेअरिंगची जुनी पद्धत नव्या इन्स्टॉलेशनमध्ये येत नाही, आणि विंडोज ११ प्रो २४एच२मध्ये पासवर्डशिवायचा गेस्ट प्रवेशही बंद आहे. नॅसचं फर्मवेअर अपडेट करून तिथे युजर तयार करा. एसएमबी१ पुन्हा चालू करणं हा अगदी नाइलाजाचा मार्ग.

प्रिंटरबाबत माझं मत ठाम आहे: त्याला स्वतःचं वायफाय किंवा नेटवर्क पोर्ट असेल तर कॉम्प्युटरमधून शेअर करूच नका. ते मशीन झोपलं की सगळ्यांची छपाई अडते. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता राखून ठेवा आणि प्रत्येक मशीनवर 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट'ने तो जोडा. तरीही चालू प्रिंटर 'ऑफलाइन' दिसत असेल तर पोर्टच्या सेटिंगमधली 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड'ची (प्रिंटरला त्याची स्थिती विचारण्याची सोय) खूण काढून बघा. फक्त यूएसबी असलेल्या प्रिंटरला शेअरिंगवाचून पर्याय नाही. तिथे ११बी ही एरर आली तर दोन्ही मशीनचे विंडोज अपडेट पूर्ण करा. रजिस्ट्री (विंडोजच्या आतल्या सेटिंगची नोंदवही) बदलायचे सल्ले सर्रास मिळतात, पण त्याने २०२१मध्ये आलेलं संरक्षणच निघून जातं.

छपाईच्या रांगेत अडकलेलं काम डिलीट होत नसेल तर अ‍ॅडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेट स्टॉप स्पूलर' (net stop spooler) देऊन छपाईची रांग सांभाळणारी सेवा थांबवा, सिस्टम३२मधल्या 'स्पूल'खालचं 'प्रिंटर्स' फोल्डर रिकामं करा, फोल्डर मात्र राहू द्या, आणि 'नेट स्टार्ट स्पूलर' (net start spooler) द्या.