तुम्ही विचारलंत म्हणून: परत का आले?

"अमेरिकेत चांगली नोकरी होती न? मग परत काऊन आली?" नागपूरच्या धरमपेठेत भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे हेच. एकदाच नीट सांगते.

मला कोणी काढलं नव्हतं. तिथं शिक्षण संपल्यावर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करायच्या परवानगीचे, १२ महिने, विषय कम्प्युटर सायन्स म्हणून वर २४. तेवढ्या काळात एच-वन-बीच्या, म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या, लॉटरीत नाव निघायला हवं. जागा वर्षाला ८५,०००. मी २०२२, २०२३, २०२४, तिन्ही वेळा चिठ्ठीत होते.

शेवटच्या खेपेला मार्च संपत आला होता. वकिलाची दोन ओळींची मेल आली: निवड नाही. समोर बसणाऱ्या मुलालाही त्याच वेळी मेल आली. त्याला आठ महिने काम मी शिकवलं होतं. त्याचं नाव निघालं होतं. त्यानं लॅपटॉप अर्धवट मिटला आणि माझ्याकडे न बघता पाणी आणायला उठला. मी संध्याकाळपर्यंत त्याचाच कोड तपासत बसले. एक चूक सापडली, दुरुस्त केली. रात्री साडेआठला बाबांचा फोन. इकडे सकाळ होती, टेकडी गणपतीला जाऊन आले होते. "नंबर लागला का गं?" कर्जापायी प्रतापनगरचं घर गहाण होतं. "अजून यादी लागायची आहे," मी म्हणाले. नऊ दिवस हेच खोटं बोलले.

जूनमध्ये मुदत संपली, सामान आवरायला ६० दिवस. कंपनी टोरोंटोला पाठवायला तयार होती, हे मी कुणाला सांगत नाही. 'बाबांसाठी आले' म्हणते. ते अर्धंच खरं आहे. मी थकले होते.

२०२२ मध्ये माझी अमरावतीची रूममेट परतली, तेव्हा मी म्हणाले होते, "लायक माणूस राहतोच." तिला अजून फोन केलेला नाही. आजही मनात येतं, टोरोंटोला गेले असते तर?

"पुन्हा प्रयत्न कर," म्हणता. सप्टेंबर २०२५ मध्ये आदेश निघाला: बाहेरून नवा माणूस एच-वन-बीवर न्यायचा तर कंपनीनं १ लाख डॉलर भरायचे. इथं नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रात बसलेल्या माझ्यासाठी कोण भरणार?

वरच्या मजल्यावरची मुलगी तिकडे शिकायला जायचा अर्ज भरते आहे. "ताई, जाऊ का?" मी "जा" म्हणाले. रात्रभर वाटत राहिलं, थांबवायला हवं होतं. काल जाऊन तिच्या निबंधातल्या चुका काढून दिल्या.