बाईंचं कपाट

‘शाळेतील आठवणी आणि आपली वाटचाल, पाचशे शब्दांत’ असं शाळेच्या महोत्सवी अंकाच्या समितीच्या पत्रात होतं. त्यातले निम्मे तरी बाईंना जाणार, हे समितीने गृहीत धरावं. बाई म्हणजे कोण, हे आपल्या शाळेत सांगावं लागत नाही. मुख्याध्यापक येत-जात राहिले, प्रयोगशाळेच्या बाई त्याच.

नववीत त्यांनी आम्हाला मोरचुदाचे स्फटिक वाढवायला लावले. गरम पाण्यात मावेल तेवढं मोरचूद विरघळवायचं, गाळून घ्यायचं, दोऱ्याला बारीकसा खडा बांधून आत सोडायचा, तोंडावर कागद बांधायचा आणि बाटली कपाटात. पुढे नियम एकच, हात लावायचा नाही. पाणी सावकाश उडालं तर खड्याच्या अंगावर थर चढत जातो. धक्का लागला की तळाशी नुसता चुरा.

नेमकी तेव्हाच तपासणी आली. कपाटं रिकामी करून पुसून ठेवा, असा हुकूम सुटला. शिपाईमामा बाटल्या मोरीत ओतायला निघाले, तशा बाई कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या त्या साहेब येईपर्यंत.

“यात काय आहे?”

“वाढतंय, साहेब.”

“काय वाढतंय?”

“ते सोमवारी कळेल. आज दार उघडलं तर हलेल.”

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. बाईंना ते पुढे भोवलं की नाही, कोण जाणे. त्या कधी बोलल्या नाहीत. सोमवारी माझा स्फटिक निघाला, नखाएवढा, गडद निळा, तिरप्या अंगाचा. बाईंनी तो खिडकीपाशी धरला आणि म्हणाल्या, “कडा बघ. कोणी तासलेल्या नाहीत.”

एम.एस्सी.ला कळलं, की १९१२ मध्ये म्युनिकला भौतिकशास्त्रज्ञ लाउए यांच्या कल्पनेवरून क्ष-किरण पहिल्यांदा ज्या स्फटिकातून सोडले, तो मोरचुदाचाच होता. मी तडक बाईंना पत्र टाकलं. उलट टपाली कार्ड आलं : “त्यांचं कपाट कोणी राखलं ते विचार.”

माझी सगळी नोकरी प्रथिनांचे स्फटिक वाढवण्यात गेली. मोरचूद गरीब बिचारं. प्रथिनं भारी नखरेल. काचेच्या चकतीला एक-दोन मायक्रोलिटरचा थेंब उलटा टांगायचा, खाली क्षाराचं द्रावण ठेवायचं, भोवती ग्रीस लावून बंद करायचं आणि वाट बघायची. बहुतेक थेंबांत साकाच धरतो. एखाद्यात लखलखीत स्फटिक दिसला, तरी लगेच नाचायचं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तो सुईने हळूच दाबायचा. टणक लागला, टक्क करून तडकला, तर तो क्षाराचा; फुकट गेला. गुपचूप चुरगळला तर प्रथिनाचा, कारण त्याच्यात निम्मं पाणीच असतं. आपलं काम खरं ठरलंय हे ते मोडल्यावर कळतं, अशी ही विद्या!

पुढे तो द्रव नायट्रोजनने गोठवायचा, सिंक्रोट्रॉन या यंत्रातले प्रखर क्ष-किरण त्यातून सोडायचे, की हजारो ठिपके उमटतात; त्यांवरून अणूंची मांडणी, म्हणजे रचना, काढायची. ठिपक्यांची तीव्रता मोजता येते, लहरींची कला (फेज), म्हणजे लहर कोणत्या टप्प्यावर आहे ते, मात्र हाती लागत नाही. शास्त्रज्ञ पेरुट्झ यांनी पाऱ्यासारखे जड अणू प्रथिनाला चिकटवून ती वाट काढली. १९३७ मध्ये हाती घेतलेलं हिमोग्लोबिन त्यांना १९५९ मध्ये दिसलं. पीएच.डी.त कंटाळा आला की मी ही वजाबाकी करत असे.

प्रथिनांच्या रचना जमा होतात ती प्रोटीन डेटा बँक १९७१ मध्ये अवघ्या ७ रचनांवर सुरू झाली. आज तिथे दोन लाखांहून अधिक आहेत. त्यात क्षयाच्या जंतूतल्या काही विकरांच्या (एन्झाइमांच्या) रचना आमच्या गटाच्या. शाळेच्या फलकावर लावावी अशी कमाई एवढीच. आता थेंब यंत्र टाकतं, आणि अल्फाफोल्ड हे कृत्रिम बुद्धिमत्तेचं सॉफ्टवेअर नुसत्या अमिनो आम्लांच्या क्रमावरून रचनेचा अंदाज देतं. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्याचाही वाटा होता. विद्यार्थी विचारतात, मग स्फटिक कशाला? मी म्हणते, ते शिकलं कशावरून? आमच्या पिढ्यांनी जमवलेल्या रचनांवरूनच ना!

प्रयोगशाळेत आता मोठा पडदा आलाय आणि ते कपाट निघालंय, असं ऐकते. पडद्यावर स्फटिक अर्ध्या मिनिटात वाढतो म्हणे. मला हे पटत नाही. महोत्सवाच्या अंकात हे शोभत नसेल तर समितीने खुशाल कापावं.

कार्यक्रमाला मी नक्की येणार. येताना लायसोझाइम आणेन. अंड्याच्या पांढऱ्यातलं हे विकर. १९६५ मध्ये विकरांपैकी पहिली रचना उलगडली ती याचीच. मिठाच्या द्रावणात त्याचे स्फटिक रातोरात धरतात, त्यामुळे आदल्या संध्याकाळी नववीची मुलं मला हवीत. सूक्ष्मदर्शक शाळेचा चालेल, फक्त भिंगं आधी कोणीतरी पुसून ठेवावीत.