कार्ड आधी, पैसे नंतर

एटीएममध्ये आधी कार्ड परत मिळतं आणि मग नोटा, हे आता इतकं अंगवळणी पडलंय की यामागे कुणीतरी डोकं चालवलंय हे लक्षातही येत नाही. पूर्वी बऱ्याच मशीन्समध्ये उलटं होतं, आधी नोटा मग कार्ड, आणि लोक नोटा मोजत मोजत निघून जायचे, कार्ड तिथंच. माणूस आलेला असतो पैशासाठी, ते हातात पडले की डोक्यात काम संपलं. 'कार्ड विसरू नका' अशा पाट्या कितीही लावा (पाट्या लोक वाचतात हा फक्त पाट्या लावणाऱ्यांचा समज), त्यापेक्षा क्रम फिरवला आणि विसरणं आपोआप कमी झालं. लोक होते तेवढेच वेंधळे राहिले.

इंटरॅक्शन डिझाइनचं, म्हणजे माणूस मशीन किंवा ॲप कसं वापरेल ते आखण्याच्या कामाचं, मला हेच जाम आवडतं, माणसाला सुधारायच्या भानगडीत ते फारसं पडत नाही. स्टॅनफर्डच्या बी. जे. फॉग यांनी २००९ मध्ये मांडलेलं, माणूस एखादी गोष्ट कधी करतो याचं मॉडेलही तसंच, इच्छा हवी, करायला सोपं हवं आणि ऐनवेळी आठवण करून देणारं काहीतरी हवं, तिन्ही एकदम जुळलं की हातून ते घडतं. आता दुसऱ्याची इच्छा वाढवणं किती अवघड ते घरोघरी माहितीये, त्यामुळे सगळे सोपं करायच्या मागे.

पण सोपं नेमकं काय करायचं? आझा रास्किन या डिझायनरनं २००६ मध्ये इन्फिनिट स्क्रोल, म्हणजे खाली सरकवत राहिलं की न संपणारं पान, काढलं, सारखं 'पुढचं पान' दाबायची कटकट नको म्हणून. पण ती कटकट म्हणजेच थांबायची जागा होती ना! पान संपलं की क्षणभर का होईना प्रश्न पडायचा, अजून बघायचं की झोपायचं. आता प्रश्नच पडत नाही, अंगठा आपला चालूच. पुढे रास्किन यांनाच त्याची खंत वाटली.

ते निदान चांगल्या हेतूनं केलेलं. मुद्दाम अवघड कसं करतात ते एखाद्या ॲपची मेंबरशिप रद्द करायला जा म्हणजे कळेल, सेटिंग्ज, अकाउंट, अजून काहीतरी, पार तळाशी फिकट राखाडी अक्षरात 'रद्द करा', ते दाबलं की 'खरंच जाताय?', मग 'नक्की?', आणि ठळक रंगीत बटण कुठलं, तर 'नाही, राहतो'. हॅरी ब्रिग्नल या डिझायनरनं २०१० मध्ये अशा प्रकारांना डार्क पॅटर्न नाव दिलं, मी सरळ लबाडी म्हणेन. हल्ली नवीन ॲप घेतलं की मी आधी बाहेर पडायचं बटण शोधतो, ते पटकन सापडलं तरच बाकीचं बघतो.