सेफॅलेक्सिनला दाद न देणारं अवधाण

ताप, काखेत किंवा जांघेत दुखरं अवधाण (लसीका ग्रंथीची सूज), आणि आठवडाभर सेफॅलेक्सिन हे अँटिबायोटिक घेऊनही उतार नाही. अमेरिकेत उन्हाळ्यात इमर्जन्सीत असा रुग्ण आला की टुलरेमिया, म्हणजे ससे, गोचिडी यांच्याकडून माणसाला होणारा जंतुसंसर्ग, आठवलाच पाहिजे. 2011 ते 2022 या काळात तिथे नोंदलेल्या 2,462 रुग्णांपैकी निम्मे अर्कान्सा, मिसूरी, ओक्लाहोमा आणि कॅन्सस या चार राज्यांतले होते. भारतात शिकून तिकडे रेसिडेन्सी करणाऱ्यांनी हा आजार सहसा पाहिलेलाच नसतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

प्रश्न नेमके विचारा. गोचीड चावली का? ससा सोलला का? मांजर चावलं का? गवत कापताना मशीन मेलेल्या सशावरून गेलं का? नुसतं ‘प्राण्यांशी संपर्क?’ विचारलं की उत्तर बहुतेकदा ‘नाही’ येतं. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण 3 ते 5 दिवस लागतात, कधी दोन आठवडेही. त्यामुळे गोचीड विसरलेली असते.

मग कपडे उतरवून तपासा. अवधाण जिथे आहे, त्या भागाकडून येणाऱ्या लसीकावाहिन्यांच्या वाटेवर व्रण शोधा: बोटांच्या बेचक्यांत, जांघेत, मुलांमध्ये केसांत आणि कानामागे. व्रण लहान असतो, कडा उंचावलेल्या, कधी वर काळी खपली. तो सापडला नाही म्हणून निदान बाद होत नाही. एकाच डोळ्याची लाली आणि त्याच बाजूला कानापुढे गाठ, किंवा पेनिसिलिनने न हटणारी घसादुखी आणि मानेत गाठ, हीदेखील याच आजाराची रूपं आहेत.

फुप्फुसाचा प्रकार सर्वांत फसवा. 2000 साली मार्थाज व्हिनयार्ड बेटावर याचा उद्रेक झाला, तेव्हा गवत आणि झुडपं कापणाऱ्यांना धोका जास्त आढळला. एक्स-रेत हायलम (फुप्फुसाचं मूळ) भरलेला दिसतो, छातीतल्या पाण्यात लिम्फोसाइट्स जास्त आणि एडीए (क्षयातही वाढणारं एन्झाइम) वाढलेलं असू शकतं. आपल्याकडच्या सवयीने हात लगेच क्षयाच्या औषधांकडे जातो. तिथे थांबा, संपर्काचा इतिहास पुन्हा घ्या.

नमुना पाठवण्याआधी लॅबला फोन करा. ही पायरी कधीही गाळू नका. अगदी 10 ते 50 जंतू श्वासातून गेले तरी आजार होतो, आणि उघड्या टेबलावर प्लेट हाताळणाऱ्या तंत्रज्ञालाच लागण होऊ शकते. जंतूला वाढायला सिस्टीन हे अमिनो आम्ल लागतं. जंतू वाढवण्याच्या माध्यमांपैकी चॉकलेट अगारवर तो हळू वाढतो, मॅकॉन्कीवर वाढत नाही, आणि लॅबचं जंतू ओळखणारं यंत्र त्याला कधी हिमोफिलस तर कधी अॅसिनेटोबॅक्टर ठरवतं. व्रणाच्या स्वॅबचा पीसीआर मागा. सुरुवातीचं सिरम (रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी) निगेटिव्ह येणं अपेक्षितच आहे. माणसाकडून माणसाला लागण होत नाही, त्यामुळे रुग्णाला वेगळं ठेवण्याची गरज नाही. नेहमीची काळजी पुरे. आरोग्य खात्याला मात्र कळवायचं.

उपचार रिपोर्टसाठी थांबवू नका. आजार गंभीर असेल तर जेंटामायसिन, प्रौढांना रोज किलोमागे 5 मिलिग्रॅम, किमान 10 दिवस; क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी) आणि रक्तातली औषधाची पातळी पाहत. स्ट्रेप्टोमायसिन मिळालं तर 1 ग्रॅम दिवसातून दोनदा स्नायूत. प्रकृती ठीक असेल तर सिप्रोफ्लॉक्सासिन 500 ते 750 मिलिग्रॅम दोनदा, 10 ते 14 दिवस, किंवा डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दोनदा, 14 ते 21 दिवस. सेफ्ट्रायअॅक्सोन लॅबच्या कागदावर चालणारं दिसलं, तरी रुग्णात ते फसतं.

घोळ बहुतेकदा डॉक्सिसायक्लिनच्या मुदतीत होतो. गोचिडीचा ताप म्हणून रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हरच्या हिशेबाने आठवड्याची गोळी दिली जाते. रुग्णाला बरं वाटतं आणि गोळ्या संपल्यावर ताप परततो. टुलरेमियाची शंका असेल, तर पहिल्याच दिवशी पूर्ण मुदतीची चिठ्ठी द्या.

अवधाणात पू होऊन ते मऊ लागलं तर निचरा करावा लागतो, पण अँटिबायोटिक सुरू केल्यावर. उपचाराला दोन आठवड्यांहून उशीर झाला की पू होण्याची शक्यता वाढते. योग्य औषध चालू असतानाही तो होऊ शकतो, म्हणून तेवढ्यावरून औषध बदलू नका. घरी सोडताना 2 ते 4 आठवड्यांनी दुसऱ्या सिरमची तारीख चिठ्ठीवर लिहून द्या. दोन नमुन्यांत टायटर (प्रतिपिंडांचं प्रमाण) चौपट वाढलं की निदान पक्कं होतं.