तीन बेडरूम आणि १,१०० लिटर

परभणी जिल्ह्यातील आमच्या गावी कोणी शेत घ्यायचे म्हटले की अण्णा आधी सातबारा मागत, मग फेरफार, आणि मनात थोडी जरी शंका आली तरी तहसील कार्यालयात खेटे घालून १९५४ ची खासरा पाहणी काढून आणत. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात, टोरंटोहून अडीच-तीन तासांवर असलेल्या हॅलिबर्टन भागात, तळ्याकाठचे सुट्टीचे घर पाहायला गेलो तेव्हा हीच सवय मी बरोबर नेली होती. मालकीचे कागद स्वच्छ निघाले. अडले ते संडासाच्या कागदावर.

अशा भागात गटारयोजना नसते. प्रत्येक घराची सेप्टिक टाकी वेगळी, आणि तिला बांधकामासारखाच परवाना लागतो. १९९८ पर्यंत हा विषय प्रांताच्या पर्यावरण कायद्यात होता. त्यानंतर दिवसाला १०,००० लिटरपर्यंतच्या सांडपाण्याची व्यवस्था बिल्डिंग कोडमध्ये आली. परवाना कुठे नगरपालिका देते, कुठे आरोग्य विभाग, तर कुठे जलसंधारणाचे प्राधिकरण, त्यामुळे आपली फाइल कोणत्या दारात आहे हे शोधण्यापासूनच सुरुवात करावी लागते.

जाहिरातीत तीन बेडरूम लिहिल्या होत्या. मालकाची लेखी संमती आणि शुल्क भरून जुनी फाइल मागवली, तेव्हा त्यात हाताने काढलेला एक नकाशा आणि दोन बेडरूमची मंजुरी एवढेच सापडले. तिसरी खोली म्हणजे मागाहून भिंती घालून बंद केलेला ओटा होता. आपल्याकडे याला कोणी गुन्हा म्हणणार नाही, पण इथे टाकीचे आणि शोषक्षेत्राचे, म्हणजे टाकीतले पाणी जिथे मुरते त्या जमिनीचे, सगळे गणित बेडरूमवर बसवलेले असते: दोन बेडरूमना दिवसाला १,१०० लिटर सांडपाणी, तिसरी आली की १,६००. घराचे क्षेत्रफळ २०० चौरस मीटरच्या पुढे गेले किंवा नळ-संडास वाढले तर हा आकडा आणखी चढतो. सुट्टीत तिथे प्रत्यक्षात दोघेच राहणार आहेत, हे उत्तर चालत नाही.

टाकी निदान ३,६०० लिटरची आणि दोन कप्प्यांची असते. गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले पाणी छिद्रे असलेल्या नळ्यांतून जमिनीखाली पसरते. खरे शुद्धीकरण तिथल्या मातीतच होते. म्हणून माती किती वेळात पाणी पिते ते आधी मोजतात. पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरायला किती मिनिटे लागली, हा तो आकडा, आणि नेहमीच्या जमिनीखालच्या रचनेसाठी तो एक ते पन्नासच्या दरम्यान असावा लागतो. एकापेक्षा कमी असेल तर पाणी गाळले न जाताच खाली पळते. पन्नासच्या वर गेला तर मुरतच नाही. आमच्या काळ्या रानात भर श्रावणात हा प्रयोग केला तर घड्याळ धरून बसणाऱ्याला जेवणाचा डबाच न्यावा लागेल. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीने शोषखड्डे करून गटारे आणि डास हटवल्याचे आपण अभिमानाने सांगतो, पण ते न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी. मैल्याच्या पाण्याला मातीचा बराच जाड थर लागतो.

हॅलिबर्टनला अडचण उलटी आहे. वीतभर माती आणि खाली अखंड खडक. त्यामुळे ट्रकने वाळू आणून उंच ओटा रचतात आणि त्यात नळ्या घालतात. या नळ्या तळ्यापासून १५ मीटर, साध्या खोदलेल्या विहिरीपासून ३० मीटर आणि हद्दीपासून ३ मीटर दूर हव्यात, शिवाय ओटा जमिनीपासून जितका उंच, त्याच्या दुप्पट अंतर त्यात वाढवायचे. अनेक नगरपालिका तळ्यापासून ३० मीटरच मागतात.

ऑक्टोबरात तपासणी झाली. तपासनीसाने लोखंडी सळई टोचत टाकीचे झाकण शोधले, मैल्याच्या गाडीने टाकी उपसली, आणि आम्ही काठावर उभे असतानाच बाहेर जाणाऱ्या नळीतून काळसर पाणी उलटे टाकीत परत येऊ लागले. जमिनीने पाणी पिणे सोडले होते. मी व्हिडिओ कॉलवर अण्णांना ते दाखवले, तर ते म्हणाले, "जिमीन पानी पीत नसंल तर तिथं घर कामून बांधतेत?"

नवे शोषक्षेत्र कुठे बसेल हे पाहू लागलो. मागे खडक, एका बाजूला आमची विहीर, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याची. सपाट मातीची एकच पट्टी उरत होती, ती नेमकी तळ्याकाठची, आणि मोजणीच्या नकाशात ती आमच्या हद्दीत नव्हतीच. जुन्या मोजणीत अनेक तळ्यांच्या काठाने रस्त्यासाठी ६६ फुटांची सरकारी पट्टी राखलेली आहे; ती नगरपालिकेकडून विकत घेतली नसेल तर बोटीच्या धक्क्यासकट घराचा पुढचा भागही परक्या जमिनीवर असू शकतो. हे ६६ फूट म्हणजे मोजणीची एक साखळी. आपला ३३ बाय ३३ चा गुंठा त्याच साखळीच्या निम्म्यावर बेतलेला आहे, हे मला तिथे नकाशावर बोट ठेवून उभा असताना सुचले.

शेवटचा पर्याय नुसत्या साठवण टाकीचा होता, किमान ९,००० लिटरची. तिची परवानगी मोजक्याच परिस्थितींत मिळते आणि ती भरली की उपसून नेणाऱ्या गाडीशी आधीच करार करावा लागतो. हिवाळ्यात त्या कच्च्या रस्त्यावर गाडी पोचेल याची हमी कोणी देईना. आमची ऑफर सेप्टिकच्या तपासणीची अट घालूनच दिलेली असल्यामुळे इसाराची रक्कम परत मिळाली. अट घातली नसती, किंवा सगळे बर्फाखाली गाडलेले असताना फेब्रुवारीत व्यवहार केला असता, तर ती उलटी धार आम्हाला उन्हाळ्यात, घरात पाहुणे असताना दिसली असती.

डिसेंबरात तीच जाहिरात पुन्हा आली. फोटो जुनेच होते. मजकुरात मात्र आता दोन बेडरूम होत्या आणि तिसऱ्या खोलीला 'वाचनाची खोली' म्हटले होते.