भिंतीवरचे दारासिंग

दारासिंगांच्या कुस्त्या ठरलेल्या असायच्या का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या परळच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्या माणसाचं लक्ष चहा यायच्या आत भिंतीवरच्या फोटोकडे जातं. "हे दारासिंग ना? तुमचे बाबा तर तालमीतले, लाल मातीतले. मग हा फ्रीस्टाईलवाला कसा काय? ती सगळी ठरवून केलेली कुस्ती." एखादा पुढे म्हणतो, "त्यापेक्षा खाशाबांचा लावायचा."

खाशाबांचाही आहे, आतल्या खोलीत. १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आलेल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना बाबा रोज हात जोडायचे. दारासिंग ऑलिम्पिकला कधी गेले नाहीत, हे त्यांना माहीत होतं. एकाला मोठं करायला दुसऱ्याला लहान करावं लागतं, असं बाबांना कधी वाटलं नाही. मलाही वाटत नाही.

बाबा गिरणीत होते. पाळी सुटली की तालमीत जायचे, सुट्टीच्या दिवशी वरळीला. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये तेव्हा फ्रीस्टाईलच्या लढती व्हायच्या आणि पोस्टरवर दारासिंगांचं नाव असलं की तिकिटासाठी उसने पैसे घ्यायलाही ते मागेपुढे बघत नसत. त्यांच्या तोंडून किंगकाँग नावाच्या पैलवानाचं वर्णन मी इतक्यांदा ऐकलंय की तो माणूस आमच्या चाळीच्या जिन्यावरून चढताना मला दिसायचा. मूळचा हंगेरीचा, वजन ४०० पौंडांच्या घरात. दारासिंग सहा फुटांवर उंच, पण त्याच्यासमोर तेही सडपातळ वाटायचे म्हणे. त्याला त्यांनी उचललं की स्टेडियममध्ये क्षणभर कुणी श्वास घ्यायचं नाही.

आता तुमचा प्रश्न. ठरलेली असायची का? व्यावसायिक फ्रीस्टाईलमध्ये निकाल आधी ठरतात, जगभर. मी ते नाकारत नाही. हाच प्रश्न मी दहाएक वर्षांची असताना बाबांना विचारला होता. ते काही बोलले नाहीत. चटई गुंडाळून बाजूला ठेवली, खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि उभ्याउभ्या पाठीवर पडले. चाळीची लाकडी जमीन हादरली, फळीवरचे डबे वाजले, खालच्या काकूंनी छताला काठी मारली. बाबा उठले, बनियन वर केली आणि म्हणाले, "बघ." पाठ खांद्यापासून कमरेपर्यंत लाल झाली होती. "निकाल ठरवता येतो, बाळ. पडणं ठरवलं म्हणून कमी लागत नाही." मग कुस्तीत मोडलेल्या कानावरून हात फिरवत, ही त्यांची कायमची सवय, पुढे म्हणाले, "आणि ४०० पौंड ठरवून हलके होत नाहीत."

दुसरी गोष्ट मला पुढे वाचून कळली. किताब कुणाच्या कमरेला बांधायचा, हा त्या धंद्यात विश्वासाचा मामला असतो. अमृतसरजवळच्या धर्मूचक गावचा हा मुलगा चाळीसच्या दशकाच्या शेवटी सिंगापूरला गेला, मलायाचा (आताचा मलेशिया) किताब घेतला, परत येऊन १९५४ साली टायगर जोगिंदरसिंगला हरवून रुस्तम-ए-हिंद, म्हणजे देशातला अव्वल पैलवान झाला. १९५९ साली कलकत्त्यात कॅनडाच्या जॉर्ज गॉर्डिएंकोवर राष्ट्रकुल किताब. आणि २९ मे १९६८ रोजी, आपल्या मुंबईत, अमेरिकेच्या लू थेझला हरवून जागतिक किताब. थेझ तेव्हा बावन्न वर्षांचा होता, पण पकडींचं त्याच्याइतकं ज्ञान असलेले पैलवान जगात थोडे होते. मनात आणलं असतं तर समोरच्याचा हात त्यानं खरोखर मोडला असता. असा माणूस ज्याला कुस्ती येते त्याच्यापुढेच पाठ टेकतो. थेझ दारासिंगांना खरा पैलवान मानत. तालमीतल्या माणसासाठी याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.

भिंतीवरचा फोटो त्याच सुमाराचं वर्तमानपत्राचं कात्रण आहे. मधोमध घडी पडलेली, कारण बाबांनी तो कितीतरी दिवस डब्याच्या पिशवीत वागवला होता.

१९८३ साली दारासिंगांनी दिल्लीत शेवटची कुस्ती केली. त्याच्या आदल्या वर्षी गिरण्यांचा संप सुरू झाला होता आणि बाबा घरी बसले होते. तालमीत येणारी पोरं कुणी गावी गेली, कुणी रिक्षा चालवू लागली. एके दिवशी हौद्यातली माती तेल-ताक न मिळाल्यानं कोरडी पडलेली बघून बाबा परत आले आणि जेवलेच नाहीत. त्या वर्षांबद्दल मी जास्त लिहीत नाही.

मग १९८७ आलं. रविवारी सकाळी शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर अख्खा मजला बसलेला आणि 'रामायण'मध्ये हनुमान म्हणून दारासिंग. वय अठ्ठावन्न. आजी पडद्याला नमस्कार करायची. बाबा मात्र त्यांचे खांदे बघायचे, मांड्या बघायचे आणि शेजारच्या पोरांना सांगायचे, "हे शरीर मेकअपनं होत नाही रे. याच्यामागं जोर-बैठका आहेत." पुढच्या आठवड्यात त्यातली तीन पोरं पहाटे गच्चीवर जोर मारताना दिसली. बाबा बऱ्याच दिवसांनी पहाटे उठले आणि त्यांच्या कमरा सरळ करायला वर गेले.

पुढे २००३ साली दारासिंग राज्यसभेवर गेले. २०१८ साली डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकेतल्या कुस्ती कंपनीनं त्यांचं नाव हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, भाच्यानं ते मला मोबाईलवर दाखवलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण त्यांचं नाव मला रोज ऐकू येतं ते लोकलमध्ये, शाळेच्या फाटकाशी, भाजीच्या गाडीवर. "स्वतःला दारासिंग समजतोस काय?" असं म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनी त्यांची एकही कुस्ती पाहिलेली नाही. पंजाबातल्या एका पैलवानाचं नाव मराठी बोलण्यात ताकदीसाठी असं कायमचं मुरलं.

१२ जुलै २०१२ रोजी सकाळी जुहूच्या घरी दारासिंग गेले. बाबा तेव्हा काठी घेऊन चालायचे. बातमी ऐकल्यावर त्यांनी फोटो खाली काढायला लावला, स्वतःच्या धोतराच्या सोग्यानं काच पुसली आणि हौद्यात उतरताना मातीला हात लावून कपाळाला लावतात, तसा हात त्या काचेला लावून कपाळाला नेला. मग मला म्हणाले, "लाव परत. खिळा तोच ठेव."